नात्याची सवलत आणि व्यवहाराची पळवाट

महाराष्ट्रात पित्याने राहते घर मुलाच्या वा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले, तर मुद्रांक शुल्क पडते केवळ २०० रुपये. स्थानिक अधिभार काय तो निराळा. यामागील विचार सरळ आहे. घर कुटुंबाबाहेर गेलेले नाही, तेव्हा शासनाने त्यावर विक्रीचे शुल्क मागू नये. एखाद्या सूत्रधार कंपनीने आपले समभाग किंवा मालमत्ता स्वतःच्याच उपकंपनीकडे सोपविली, तर तेथेही हाच न्याय सांगितला जातो. या हातचे त्या हातास गेले. धनी बदलला नाही.

हा न्याय आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला. ब्रिटनने १९३० च्या वित्त कायद्यात कंपनी-समूहांतर्गत हस्तांतरणास सूट दिली. पुढे १६ जानेवारी १९३७ च्या अधिसूचनेने भारतातही तशी माफी आली. अट कडक होती. एका कंपनीच्या भागभांडवलाचा किमान ९० टक्के भाग दुसरीच्या खऱ्या मालकीचा हवा, अथवा दोहोंतील तेवढाच भाग एकाच सूत्रधार कंपनीकडे हवा. स्वातंत्र्यानंतरही हे कलम अडगळीत गेले नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘दिल्ली टॉवर्स’ प्रकरणात त्याचा लाभ मान्य केला. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. उद्योगाने स्वतःची घडी नव्याने बसविताना पावलोपावली शुल्क मोजावे, असे कोणीही म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो पुढच्या पावलाचा. १ जुलै २०२० पासून समभागांच्या हस्तांतरणावर देशभर ०.०१५ टक्के असा एकच दर आहे. कागदी समभागांवर पूर्वी ०.२५ टक्के शुल्क होते. म्हणजे १ कोटीच्या व्यवहारावर २५ हजार रुपये. आता ते १,५०० रुपये झाले. बाजार सुटसुटीत झाला, हे स्वागतार्हच. परंतु स्थावर मालमत्तेवरील शुल्काचा दर महाराष्ट्रातील शहरांत ५ टक्के आहे आणि त्यावर अधिभार. या दोन दरांमधील दरी हीच पळवाट आहे. शहरातील १०० कोटींची जमीन सरळ विकली, तर किमान ५ कोटींचे शुल्क. तीच जमीन एखाद्या कंपनीच्या नावावर असेल आणि त्या कंपनीचे समभाग १०० कोटींना विकले, तर दीड लाख! जेथे नात्याची माफी मिळते, तेथे जमीन आधी उपकंपनीच्या पदरात टाकायची आणि मग उपकंपनीच परक्याच्या हवाली करायची, एवढेच उरते.

इकडे कर्ज काढून दोन खोल्या घेणारा शिक्षक वा कारकून नोंदणी कार्यालयात पूर्ण शुल्क भरतो. त्याच्यापाशी उपकंपनी नसते.

कायद्याने रूप नव्हे, वस्तुस्थिती पाहावी, हे तत्त्व आपल्या न्यायालयांना परके नाही. टाटा ऑइल मिल्सच्या विलीनीकरणानंतर उद्भवलेल्या हिंदुस्थान लीव्हर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले की, न्यायालयाच्या आदेशाने झालेले विलीनीकरणही हस्तांतरणच असून त्यावर मुद्रांक शुल्क लागू होते. ज्या ब्रिटनकडून ही सूट आली, त्यानेही काळाबरोबर तिला कुंपण घातले. तेथे जमिनीच्या व्यवहारात सूट घेणारी कंपनी तीन वर्षांच्या आत समूहाबाहेर गेली, तर माफ केलेले शुल्क सामान्यतः परत मागितले जाते. आपण सूट घेतली. कुंपण मात्र घेतले नाही.

मुद्रांक शुल्क हे राज्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. रस्ते, शाळा, रुग्णालये त्यातूनही उभी राहतात. म्हणून केंद्र व राज्ये यांनी मिळून दोन गोष्टी कराव्यात. नात्यातील सवलतीला ठराविक वर्षांची अट घालावी, आणि जिची मालमत्ता मुख्यतः जमीनच आहे अशा कंपनीचे नियंत्रण समभागांद्वारे परक्याकडे जात असेल, तर तो व्यवहार जमिनीचाच मानावा. नाते खरे असेल, तर ते तीन-चार वर्षे टिकण्यास हरकत काय? आणि ते केवळ दस्ताच्या दिवसापुरते असेल, तर शासनाने त्याचा आहेर का करावा?