सक्तीला पर्याय नाही
विमानाचे वय आपण वर्षांत मोजतो; त्याच्या चाकांचे वय मात्र ती किती वेळा धावपट्टीवर टेकली, यावर ठरते. ९ सप्टेंबर २००७ रोजी डेन्मार्कमधील आल्बोर्ग येथे आणि तीनच दिवसांनी लिथुआनियातील व्हिल्नियस येथे एसएएस कंपनीच्या क्यू-४०० विमानांच्या उजव्या चाकांचा आधार उतरताना कोसळला. आल्बोर्गच्या चौकशीत चाके आत ओढणाऱ्या यंत्रणेतील आटे गंजल्याचे आढळले. सुदैवाने प्राणहानी टळली.

असे भाग बदलणे कंपनीच्या मर्जीवर सोडावे काय? बदलण्याचा खर्च तिच्या खात्यावर पडतो. न बदलण्याची किंमत प्रवासी मोजतो आणि त्याला तो दोष दिसतही नाही. येथे बाजारपेठेचा न्याय लंगडा पडतो. १९७२ मध्ये डीसी-१० विमानाच्या मालकक्षाचा दरवाजा हवेत उघडला, तेव्हा अमेरिकी नियंत्रकांनी सक्तीचा आदेश न काढता उत्पादकाच्या शब्दावर विसंबणे पसंत केले. १९७४ मध्ये पॅरिसजवळ तसाच दरवाजा उघडला आणि ३४६ जीव गेले.

म्हणून आदेश सक्तीचा, मुदतीचा आणि सर्वांना सारखा हवा. प्रामाणिक कंपनीचेही हित त्यातच आहे; कारण मग दुरुस्ती टाळून स्वस्त तिकीट विकण्याची सोय कोणालाच उरत नाही.