दान, भांडवल आणि सातबारा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी मार्ग आरे-वारे येथे डोंगराच्या कडेने चढू लागतो आणि खाली दोन लांबरुंद पुळणी एकदमच दृष्टीस पडतात. सुट्टीच्या दिवसांत येथे गाड्यांची रांग लागते. पर्यटकांबरोबर पैसाही येतो. शहाळी, जेवण, मुक्काम यांवर तो खर्च होतो. परंतु तो अखेरीस कोणाच्या घरात मुरतो, हा अर्थशास्त्राचा जुना आणि अवघड प्रश्न आहे.

मजुरी आणि मालमत्ता यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा लागतो. खानावळीत राबणाऱ्या स्त्रीस रोज मिळतो. तो आठवड्याच्या बाजारात संपतो. खानावळीची जागा ज्याच्या नावावर असते, त्यास रोजचा नफा तर मिळतोच, शिवाय जमिनीचा वाढता भाव मिळतो, बँकेचे कर्ज मिळते आणि मुलांना वारसा मिळतो. दोन घरांचे मासिक उत्पन्न कधीकाळी सारखे झाले, तरी त्यांची संपत्ती सारखी होत नाही. उत्पन्नातील दरी एका पिढीत कमी होऊ शकते. संपत्तीतील दरी मात्र वारशाने पुढे जाते.

रत्नागिरी जिल्ह्यात या दरीचे एक मूळ खोती पद्धतीत आहे. सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत असे. जमीन कसणाऱ्या कुळांत कुणबी, भंडारी, महार या समाजांचा मोठा भरणा होता. पिढ्यानुपिढ्या घाम गाळूनही मालकी त्यांच्याकडे येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळास मालक मानण्याचे तत्त्व अमलात आले. अनेकांच्या नावे सातबारा झाला. परंतु ज्यांची कुळ म्हणून नोंदच नव्हती, जे केवळ राबत होते, त्यांच्या हाती काही आले नाही. आज बँकेत तारण मागितले जाते, तेव्हा त्या न झालेल्या नोंदीची किंमत त्यांच्या नातवंडांना मोजावी लागते.

हे चित्र एका जिल्ह्यापुरते नाही. २०१३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे अभ्यासकांनी काढलेल्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांचे प्रमाण २२.३ टक्के असताना देशाच्या संपत्तीतील त्यांचा वाटा ४१ टक्के होता. अनुसूचित जातींचा वाटा केवळ ७.६ टक्के. २०११ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या १६.६ टक्के होती. अमेरिकेत हीच दरी वर्णाच्या रेषेवर दिसते. तेथील मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मध्यावरील श्वेतवर्णीय कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर आढळली. ही दरी बुजवण्यासाठी तेथे काही कंपन्यांनी वेगळी वाट धरली. २०२० साली नेटफ्लिक्सने आपल्या रोख शिलकेचा २ टक्के भाग, म्हणजे आरंभी १० कोटी डॉलर, कृष्णवर्णीय समाजास कर्ज देणाऱ्या संस्थांकडे वळवण्याचे जाहीर केले. ही देणगी नव्हती. मुद्दल सुरक्षित राहावे, माफक परतावा मिळावा आणि समाजाचे मोजता येईल असे हितही व्हावे, या हेतूने गुंतवलेला हा पैसा होता. अशा व्यवहारास ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’, म्हणजेच सामाजिक परिणामासाठी गुंतवणूक, हे नाव २००७ च्या सुमारास रूढ झाले.

महाराष्ट्रात या विचाराची बीजे जुनी आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री अर्थात ‘डिक्की’ उभी केली; नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा, हा तिचा आग्रह. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी साहस भांडवल निधी सुरू केला. त्यातील एक अट मार्मिक आहे: कंपनीत या उद्योजकांचा किमान ५१ टक्के हिस्सा असला पाहिजे. मालकी कोणाची, हा प्रश्न तेथे प्रथम विचारला जातो.

खरी अडचण पहिल्या पायरीवर असते. २०१६ च्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेत १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची सोय झाली. तथापि उद्योजकाने स्वतःचा हिस्सा घालावा लागे. महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्ध उद्योजकांसाठी १५ टक्के वाटा उचलला, तरी १० टक्के उरतच. समजा, आरे-वारेच्या वाटेवर एखाद्या कुटुंबास २० लाखांचे पर्यटक निवास उभारायचे आहे. बँकेचे १५ लाख, शासनाचे ३ लाख, स्वतःचे २ लाख. वडिलोपार्जित ठेव असलेल्या घरास ही रक्कम मोठी नाही. ज्या घरात सोन्याचा मणीही नाही, तेथे याच दोन लाखांपाशी सारी योजना अडते. मग ती रक्कम सावकाराकडून येते आणि नफा व्याजातच जातो. शिवाय कोकणातील पावसाळ्यात पर्यटक रोडावतात. हप्ता मात्र दरमहा येतो. म्हणून येथे गरज असते ती धीराच्या भांडवलाची: हंगाम पाहून परतफेड घेणाऱ्या, पहिल्या वर्षी घाई न करणाऱ्या.

हे भांडवल कोणी द्यावे? सेबीच्या नियमांनुसार पर्यायी गुंतवणूक निधीत सर्वसाधारणपणे किमान १ कोटी रुपये घालावे लागतात. तो मार्ग सामान्य कुटुंबाचा नव्हे. सार्वजनिक विश्वस्त संस्थांनाही १९५० च्या कायद्यातील कलम ३५ मुळे आपला निधी वाटेल तेथे गुंतवता येत नाही. धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि हे बंधन हिताचेच आहे. तरीही समाजातील अनुभवी व्यापाऱ्यास करता येण्याजोगे पुष्कळ आहे. होतकरू उद्योजकाच्या कर्जास जामीन राहणे, त्याचा हिशेब लावून देणे, मालाची खात्रीची मागणी नोंदवणे, सहलीस गेल्यावर स्थानिक कुटुंबाच्या घरी मुक्काम करणे, हीदेखील गुंतवणूकच आहे. जामीन राहण्यापूर्वी मात्र बुडीत रकमेचा भार आपल्या घरास झेपेल काय, याचा विचार शांतपणे करावा.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चतुर्विध दानाची परंपरा ज्या घरांत आहे, तेथे देण्याची शिकवण नव्याने द्यावी लागत नाही. भुकेल्यास अन्न आणि रुग्णास औषध देताना परतफेडीचा विचार मनास शिवू नये. तेथे दानच श्रेष्ठ. परंतु समर्थ हातांना भांडवल हवे असते, तेव्हा दान देऊन त्यांना याचक ठेवणे योग्य नाही. त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने व्यवहार करावा, आणि दहा वर्षांनी एकच कागद पाहावा. उभ्या राहिलेल्या व्यवसायाच्या सातबाऱ्यावर, भागीदारीपत्रावर, बँकेच्या पासबुकावर त्यांचे नाव असेल, तर गुंतवणूक सफल झाली. ते नाव तेथे नसेल, तर कितीही परतावा मिळाला तरी दरी होती तेवढीच राहिली.