फवारणीयंत्राची निवड

नवी मुंबईतील नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे येथील वाचकांकडून या सदरासाठी जी पत्रे येतात, त्यांत पावसाळा जवळ आला की एक प्रश्न हटकून असतो. घरापुढे किंवा घरामागे थोडी जागा आहे. तीत जास्वंद, लिंबू, कढीपत्ता, पपई, अळू, एखादा आंबा अशी झाडे आहेत. त्यांवर कीड पडते. हातपंपाने हात भरून येतात, म्हणून यंत्राने चालणारा पंप घ्यावयाचा आहे; तर कोणता घ्यावा? बहुतेक पत्रांतून असेही दिसते की, घरातील तरुण मंडळींस सर्वांत मोठा व जोरकस पंप हवा असतो आणि वडील मंडळींस पंपच नको असतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून या प्रश्नाचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम जागेविषयी. सिडको ही संस्था १९७० साली स्थापन झाली व खाडीकाठच्या ९५ गावांच्या भूमीवर हे नवे नगर वसविण्यास प्रारंभ झाला. जेथे भातखाचरे व मिठागरे होती तेथे आज इमारती आहेत. तथापि जुन्या विभागांतील बैठ्या व जोडघरांच्या वसाहतींत, तसेच चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजसारख्या ठिकाणी, अंगणापुरती माती अद्याप शिल्लक आहे. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि त्यानंतरही हवेत दमटपणा, यामुळे पानांवर करपा व भुरी येते. पाऊस सरला की पिठ्या ढेकूण व मावा येतात. म्हणजे फवारणीची गरज खोटी नाही. परंतु येथे कुंपणाला कुंपण लागून असते. आपल्या लिंबापासून दहा हातांवर शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतात आणि त्यांच्या खिडकीत पाळण्यातील मूल निजलेले असते. शेतावरचा पंप आणि अंगणातला पंप यांच्या निवडीत जो भेद आहे, तो मुख्यत्वे येथूनच उत्पन्न होतो.

दुकानात जाण्यापूर्वी गृहस्थाने मोजपट्टी घेऊन जागा मोजावी, हा आमचा पहिला आग्रह. समजा, बागेची जागा ३० फूट लांब व २० फूट रुंद आहे. म्हणजे ६०० चौरस फूट, अर्थात सुमारे ५६ चौरस मीटर. शेतात एका हेक्टरास ५०० लिटर द्रावण हे फवारणीचे सर्वसाधारण प्रमाण धरतात. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एका चौरस मीटरास ५० मिलिलिटर द्रावण पडते. या हिशेबाने आपल्या बागेस एका वेळी लागणारे द्रावण पावणेतीन लिटरांच्या आसपास भरते. झाडे दाट असली तर चार-पाच लिटर धरावे. त्रैराशिक येणाऱ्या घरातील कोणत्याही मुलास हा हिशेब करता येईल आणि तो त्याच्याकडूनच करवून घ्यावा. सोळा लिटरांची टाकी आपल्यासाठी नाही, हे त्यास मग निराळे सांगावे लागत नाही.

मोठ्या टाकीने बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो वजन. त्यात यंत्र व बॅटरी यांचे पाच-सहा किलो मिळविले म्हणजे पाठीवर वीस किलोंहून अधिक ओझे होते. ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर असे ओझे घेऊन साठीच्या माणसाने फिरणे हे शहाणपणाचे नव्हे. शिवाय टाकी मोठी असली की औषध अधिक कालविले जाते. उरलेले टाकवत नाही म्हणून ते गरज नसलेल्या झाडांवरही मारले जाते. शेतकरी ज्यास बोलीत ‘तैवान पंप’ म्हणतात, तो पेट्रोलवर चालणारा पंप रिकामा असतानाच आठ-दहा किलोंचा असतो; त्याचा आवाज व धूर निराळाच. कोकणातील हापूसच्या बागांतून लांब नळी लावून चालविलेला तीन दट्ट्यांचा पंप उंच झाडांसाठी योग्यच आहे. पण एका आंब्यासाठी तो अंगणात आणणे म्हणजे निरांजनासाठी तेलाचा घाणा मांडणे होय.

यापुढचा विचार थेंबाचा. वस्तुतः आपण पंप विकत घेत नसून थेंब विकत घेत असतो. थेंबाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्याचे थेंब आठपट होतात. त्यामुळे बारीक तुषाराने पाने अधिक भिजतात व औषध पुरते. पंप विकणारा हा गुण अगत्याने सांगतो. दुसरी बाजू अशी की, शंभर मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत दहा फूट खाली येण्यास सुमारे दहा सेकंद घेतो, तर वीस मायक्रॉनच्या थेंबास त्यासाठी चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात वाऱ्याची मंद झुळूकही त्यास शेजारच्या ओसरीवर नेऊन सोडील, आणि फवारणाऱ्याच्या श्वासात तर तो सर्वांआधी जाईल. विष हा शब्द ‘विष्’ म्हणजे व्यापणे या धातूपासून आणि यंत्र हा शब्द ‘यम्’ म्हणजे आवरून धरणे या धातूपासून साधतात. जे व्यापू पाहते त्यास जे आवरून धरते तेच यंत्र, असा अर्थ घेतला तर निवडीची कसोटी आपोआप हाती येते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची व दाट वाढली होती. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली गेली होती. उकाडा असह्य होता आणि तोंडावर व हातांवर संरक्षण नव्हते. त्या वेळच्या चर्चेत वेगाने बारीक तुषार उडविणाऱ्या बॅटरीच्या पंपांचाही उल्लेख झाला. दोष एकट्या पंपाचा नव्हता हे खरे. परंतु ज्या श्रमामुळे माणूस पूर्वी मध्येच थांबत असे, ते श्रम यंत्राने हरण केले आणि त्याबरोबर तो थांबाही नाहीसा झाला. यंत्र सोय करते तेव्हा ती सोय कोणाच्या अंगावरून जाते, हे पाहणे सुशिक्षितांचे काम आहे.

आता प्रत्यक्ष निवड. सहाशे-सातशे चौरस फुटांच्या बागेस पाच ते आठ लिटरांचा, बॅटरीवर चालणारा, खांद्यास एका पट्ट्याने अडकविता येणारा पंप पुरेसा आहे. बॅटरी लिथियमची मिळाल्यास वजन कमी होते. शिशाच्या बॅटरीचा पंप स्वस्त पडतो, पण ती बॅटरी पावसाळाभर रिकामी पडून राहिली तर निकामी होते. बागेत केवळ कुंड्याच असतील तर दोन लिटरांचा दाबपंप घ्यावा व यंत्राचा नाद सोडावा. पंप घेताना चार गोष्टी पाहाव्यात: दाब कमी-अधिक करण्याची कळ आहे काय, टाकीच्या तोंडाशी व दांडीत गाळणी आहे काय, नोझल बदलता येतो काय, आणि वॉशर, नळी, नोझल हे सुटे भाग जवळच्या दुकानात मिळतात काय. कीड व रोग यांसाठी पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारा नोझल वापरतात. तणनाशकाचा पंप मात्र सर्वस्वी निराळा ठेवावा. कितीही धुतला तरी राहिलेल्या अंशाने फुलझाडे करपतात. घरच्या बागेत तण हाताने उपटावे हेच बरे. वीस फुटी आंब्यावर घरच्या पंपाने फवारू नये. डोक्यावर धरलेल्या दांडीतून उडालेले औषध आपल्याच मुखावर उतरते.

टाकीत काय घालावयाचे यावर पंपाचे बरेवाईटपण अखेर अवलंबून आहे. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: तांबडा अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तांबड्या व पिवळ्या त्रिकोणाच्या औषधास अंगणाच्या फाटकाआत प्रवेश देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या घरांतून तुळशीचे पान तीर्थात पडते, दूर्वा व जास्वंद गणपतीस वाहतात, कढीपत्ता रोजच्या आमटीत जातो. बागेतील जवळजवळ प्रत्येक पान कोणाच्या ना कोणाच्या हाती किंवा मुखी जाते. मावा व पिठ्या ढेकूण यांवर प्रथम नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा. नव्या पंपाचा सर्वांत निर्धोक उपयोग हाच. त्याने न भागल्यास पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क करावा, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड रात्रभर भिजवून दुहेरी फडक्यातून गाळावी. गाळण्यात आळस केला तर नोझल तुंबलाच म्हणून समजावे.

करप्यासारख्या बुरशीच्या रोगांवर बोर्डो मिश्रण जुने व खात्रीचे. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते द्राक्षवेलींच्या रोगावर प्रसिद्ध केले. दहा लिटरांस १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना हे एक टक्क्याचे प्रमाण. आपल्या बागेस याच्या निम्म्याने पुरे. दोन्ही निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत कालवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळीत ओतावे. त्यात लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. तिजवर तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

फवारणीची वेळ सकाळची. दुपारपासून समुद्रावरचा वारा सुटतो व तुषार घरांकडे लोटतो. शेजाऱ्यांस आदल्या दिवशी सांगावे. मुले व आजारी माणसे आत ठेवून खिडक्या लावाव्यात. वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा व मुखपट्टी आवश्यक. नाकावरचा रुमाल कामाचा नाही. शेवटी पंप तीन वेळा धुवावा व ते पाणी झाडांखालच्या मातीतच जिरवावे. गटारात ओतलेले पाणी येथील नाल्यांवाटे खाडीस मिळते, आणि ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे.

राहिली एक गोष्ट, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अनेक घरांत पंप मालक विकत घेतो, पण पाठीवर घेतो तो मोलाचा माळी. आणि त्यास ना हातमोजे, ना मुखपट्टी, ना काम झाल्यावर अंग धुण्यास दोन बादल्या पाणी. जे औषध आपल्या मुलाने फवारू नये असे आपणांस वाटते, ते माळ्याकडूनही फवारून घेऊ नये. पंपाच्या किमतीतच संरक्षणाच्या सामानाची किंमत धरावी व दोन्ही एकाच वेळी आणावीत. एवढे ज्या घरास परवडत नसेल, त्याने पंपाचा विचार लांबणीवर टाकावा. हाताने वेचून व पाण्याने धुऊनही लहान बाग राखता येते.

पुढील महिन्यात निंबोळ्या केव्हा वेचाव्यात व वर्षभर कशा साठवाव्यात, याविषयी लिहू.