सह्याद्रीहून जुनी मुशी

कर्जतच्या बाजारात मुशी, म्हणजे छोटा शार्क, घेताना तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे एकदा बोट फिरवून पाहा. कातडं पॉलिशपेपरसारखं खरखरतं. त्यावरचा प्रत्येक बारीक खवला घडणीने दातच असतो. असेच शार्कसदृश खवले सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले आहेत, म्हणजे पृथ्वीवर झाडं उगवण्याच्याही आधीचे! त्यामानाने आपला सह्याद्री तरुणच. कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, त्याचा लाव्हारस इथे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. माथेरान, राजमाची, खोपोलीचा घाट, सगळे त्याचेच थर. तोवर समुद्री कासवं निदान पाच कोटी वर्षं पोहत होती. डायनासोर संपले, मुशी आणि कासवं टिकली. हरिहरेश्वर-दिवेआगरच्या वाळूत आजही ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालते आणि गावकरी ती राखतात, याचा मला फार आनंद वाटतो. मुशीच्या वाट्याला मात्र अशी माया येत नाही. ती थोडीच पिल्लं देते, वाढते सावकाश. जाळी मात्र वर्षागणिक वाढताहेत. टोपलीत वीतभर पिल्लं दिसली, तर ती घेऊ नका.