फ्रिजमधलं दूध आणि अब्बांची ड्युटी

बाळाला आईचं दूध किती काळ द्यावं, यावर आपल्या घरांत फारसा वाद नसतो. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ते चालू ठेवायला सांगते. वाद सुरू होतो तो आई पुन्हा कामावर निघते तेव्हा.

लोणी काळभोरहून रोज सकाळी सोलापूर रस्त्याने हडपसर, मगरपट्टा, खराडीकडे जाणाऱ्या गर्दीत आपल्या मुलीही असतात. कुणी आयटी कंपनीत, कुणी रुग्णालयात, कुणी खासगी शाळेत, कुणी शिलाईच्या कामावर. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण कंत्राटी किंवा रोजंदारीवरच्या अनेक जणींच्या हाती ही रजा पडत नाही, त्यांना त्याआधीच परतावं लागतं. आणि पूर्ण रजा मिळाली, तरी सहा महिन्यांच्या बाळाचं दूध काही सुटलेलं नसतं. मग घरात दोनच पर्याय समोर ठेवले जातात: नोकरी सोड, नाहीतर डब्यातली पावडर सुरू कर. दूध काढून ठेवण्याचा तिसरा पर्याय कुणी काढलाच, तर ‘बाळाला शिळं दूध पाजणार का?’ या एका प्रश्नावर तो संपतो.

हा प्रश्न विचारणाऱ्या दादी-नानीला अडाणी ठरवायची गरज नाही. दूध नासतं, उन्हाळ्यात लवकर नासतं आणि नासलेल्या दुधाने तान्हं बाळ आजारी पडतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. त्यांच्या भीतीला उत्तर एकच, नीट पाळलेले नियम. पण ते दूध कोमट करून बाळाला पाजायची वेळ येते, तेव्हा आई ऑफिसात असते. वाटी हातात धरणारा माणूस दुसराच असतो. म्हणून हे नियम आईइतकेच घरातल्या बाकीच्यांना, आणि सर्वांत आधी बाळाच्या बापाला, पाठ हवेत.

नियम फार नाहीत. दूध काढण्याआधी साबणाने हात धुवायचे. भांडी आणि पंपाचे भाग स्वच्छ धुऊन उकळून घ्यायचे. पंप नसला तरी अडत नाही, हाताने दूध काढता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. दूध ६० ते १२० मि.ली.च्या लहान भागांत, झाकण घट्ट बसणाऱ्या स्वच्छ डब्यांत ठेवायचं, म्हणजे उरून वाया जात नाही. डबा काठोकाठ भरायचा नाही, कारण गोठताना दूध फुगतं. ताजं, कोमट दूध आधीच्या थंड दुधात थेट ओतायचं नाही. आधी ते फ्रिजमध्ये थंड करायचं, मग मिसळायचं.

खोलीच्या तापमानाला दूध चार तास टिकतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यापुढची अट मात्र वाचायची राहून जाते: खोली २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड असली तर. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या घरात असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट हाल असतात. तिथे चार तासांचा हिशेब धरायचाच नाही, काढलेलं दूध लगेच फ्रिजमध्ये. ऑफिसातून घरी आणायचं, तर बर्फाच्या पॅकसह थर्मल पिशवीत ते २४ तासांपर्यंत चालतं. घरी पोचल्याबरोबर मात्र फ्रिज.

फ्रिजमध्ये, म्हणजे ४ अंश किंवा त्याखाली, दूध चार दिवस राहतं. ते दारातल्या कप्प्यात ठेवू नये. दार उघडलं की गरम हवा आधी तिथेच लागते. आतल्या बाजूला, मागे ठेवावं. स्वतंत्र दाराच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला सहा महिन्यांपर्यंत ते उत्तम राहतं. पण आपल्याकडे बहुतेक घरांत एका दाराचा फ्रिज असतो आणि त्यातला बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो. तिथे दोन आठवड्यांपेक्षा जास्त भरवसा ठेवू नये. आणि डीफ्रॉस्टचं बटण दाबण्याआधी आत दूध आहे का ते पाहावं.

वीज गेली, तर फ्रिज उघडायचा नाही. बंद दाराआड थंडावा साधारण चार तास टिकतो. गोठवलेलं दूध पूर्ण वितळलं असेल आणि अजून थंड असेल, तर २४ तासांत वापरायचं. पुन्हा गोठवायचं नाही.

आता वितळवणं. सर्वांत जुना डबा आधी. रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवला, की सकाळपर्यंत दूध वितळतं. घाई असेल तर डबा कोमट पाण्याच्या भांड्यात धरायचा. फ्रिजमध्ये वितळलेलं दूध, पूर्ण वितळल्यापासून २४ तास चालतं. बाहेर काढलं किंवा कोमट केलं, तर दोन तासांत संपवायचं. बाळाने तोंड लावून उरलेलं दूधही दोन तासांनंतर टाकून द्यायचं, कितीही जिवावर आलं तरी.

इथे आपल्या स्वयंपाकघराची सवय आडवी येते. म्हशीचं दूध आपण उकळल्याशिवाय पीत नाही, म्हणून हात आपोआप गॅसकडे जातो. आईचं दूध उकळायचं नाही. त्यातले रोगाशी लढणारे घटक उकळल्याने मरतात. मायक्रोवेव्हमध्येही नको. तिथे दूध एकसारखं तापत नाही आणि मधल्याच एखाद्या चटक्याने बाळाचं तोंड भाजू शकतं. डबा गरम पाण्याच्या वाटग्यात काही मिनिटं ठेवायचा, हलकेच गोल फिरवायचा, मनगटावर एक थेंब टाकून पाहायचा. ठेवलेल्या दुधावर साय वेगळी दिसली, की ‘फाटलं’ म्हणून ते ओतून दिलं जातं. ते फाटलेलं नसतं. स्निग्धांश वर आलेला असतो, फिरवल्यावर मिसळतो. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, ते धुवायला सोपं. हे सारे नियम दिवस भरून जन्मलेल्या, निरोगी बाळासाठी आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल, तर डॉक्टर सांगतील ते प्रमाण.

मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. आमच्याकडे शिफ्ट बदलताना एक शिस्त असते: पुढच्या माणसाला काही विचारायला फोन करावा लागू नये, इतकं सगळं लिहून ठेवायचं. फ्रिजमधल्या डब्यालाही तेच लागू आहे. प्रत्येक डब्यावर दूध काढल्याची तारीख, वेळ आणि आईचं नाव. नाव कशाला, असं वाटेल. एकत्र कुटुंबात दोन जावा एकाच वेळी लेकुरवाळ्या असतात, पाळणाघरात तर अनेक आया. आपल्याकडे दुधाचं नातं लहान गोष्ट नाही. सूरह निसाच्या २३व्या आयतीत दूधआई आणि दूधबहीण यांच्याशी निकाह निषिद्ध आहे. हनफी मताप्रमाणे थोड्या दुधानेही हे नातं जुळतं. कोकणातले बहुतेक मुसलमान ज्या शाफई मताचे, त्यात पाच वेळा पाजण्याची अट आहे. वाटीने पाजलेलं दूधही बहुतेक फकीह धरतात. अदलाबदल टाळायला एक चिठ्ठी पुरते.

मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. तिथे दान आलेलं दूध ६२.५ अंशाला ३० मिनिटं तापवून, तपासून, नोंद ठेवून अशक्त बाळांना दिलं जातं. दुसऱ्याच्या बाळासाठी सार्वजनिक रुग्णालय इतकी काळजी घेऊ शकतं, तर स्वतःच्या बाळासाठी एका फ्रिजचा एक कप्पा आपण सांभाळू शकतो.

सुरुवातीला ज्या आयतीचा उल्लेख केला, ती आपण बहुधा आईचं कर्तव्य म्हणून ऐकतो. ती पूर्ण वाचावी. आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी त्याच आयतीत बापावर आहे. दूध तोडायचं तर दोघांच्या राजीखुशीने आणि मसलतीने, असंही तीच सांगते. मुलापायी आईला त्रास होऊ नये, हेही तिथेच आहे. मग ‘नोकरी सोड’ हा निकाल एकट्याने कसा देता येईल? आणि पंप, डबे, थर्मल पिशवी यांचा खर्च बापाच्या खात्यातच जातो.

मालकांकडेही मागणं आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा २०१७च्या दुरुस्तीने दिली. छोट्या शाळेला, दवाखान्याला ते जमत नसेल, तर कडी लागणारी एक खोली आणि फ्रिजमधली एक फळी तरी द्यावी. दूध काढायला बाईला संडासात जावं लागू नये. आपल्यातही शाळा, दवाखाने, दुकानं चालवणारे आहेत. त्यांनी आधी करून दाखवावं.

वाचणाऱ्या तरुणांना एवढंच सांगणं. घरात बाळ असेल, तर वरचे नियम आपल्या अक्षरांत एका कागदावर लिहा. अम्मी उर्दू वाचत असतील, तर उर्दूतही लिहा आणि फ्रिजला चिकटवा. बायको कामावर रुजू होण्याच्या आठवडाभर आधी तिच्या देखत दोन-तीनदा दूध वितळवून, कोमट करून बाळाला स्वतः पाजा. तिचा कामाचा पहिला दिवस उजाडेल, तेव्हा घरातल्या कुणालाही तिला फोन करावा लागता कामा नये.