वाट सर्वांची, काठ कोणाचा?

एखादी सोय निकामी झाल्यावर शहर तिचे काय करते, यावरून त्या शहराची पारख करावी, असे माझे मत आहे. त्यासाठी लंडनमधील एका कालव्याचे उदाहरण मी वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या जिल्ह्यात कालवा म्हटला की घटप्रभेचे पाणी शेतात नेणारा पाट डोळ्यांसमोर येतो. लंडनचा रीजंट्स कालवा मात्र मालवाहतुकीसाठी खणला गेला. १८२० साली पुरा झालेला हा सुमारे १४ किलोमीटरचा कालवा शहराच्या उत्तर अंगाने वळसा घेऊन लाइमहाऊस येथे थेम्सला मिळतो. कोळशाच्या आणि लाकडाच्या होड्या काठावरून चालणारे घोडे दोराने ओढीत. घोड्यांच्या या वाटेला 'टोपाथ' म्हणतात. 'टो' म्हणजे ओढणे.

इझलिंग्टनच्या बोगद्याच्या पूर्व तोंडापासून लाइमहाऊसपर्यंत या वाटेने मी चाललो आहे. अंतर सुमारे ७ किलोमीटर आणि दमछाक जवळजवळ नाही. पाण्याची पातळी बदलणारी आठ लॉक वाटेत लागतात आणि प्रत्येकापाशी पाण्याबरोबर वाटही थोडी खाली उतरते. बोगद्यात मात्र वाटच नाही. तेथे घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे नेत आणि नावाडी आडवे पडून, भिंतीला पाय लावून, होडी सुमारे ८८० मीटर रेटीत नेत. काही पुलांच्या लोखंडी कडांवर दोर घासून पडलेल्या खाचा अजून दिसतात. कष्टाचा इतका बोलका पुरावा संग्रहालयातही क्वचितच सापडेल.

पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या आणि १९६० नंतरच्या दशकात मालाची ये-जा जवळजवळ थांबली. तरीही कालवा बुजविला गेला नाही. १९७९ साली सेंट जॉन्स वूडपासून सिटी रोडपर्यंत या वाटेखाली ४०० किलोव्होल्टच्या विजेच्या तारा घातल्या गेल्या आणि त्या थंड ठेवण्यासाठी कालव्याचेच पाणी खेळविले गेले. पूर्वी सर्वसामान्यांना बंद असलेली ही वाट टप्प्याटप्प्याने खुली झाली. आज तेथे चालायला तिकीट लागत नाही. या शहाणपणाचे कौतुक केलेच पाहिजे.

पण कौतुकापाशी थांबणे मला पटत नाही. जोवर पाणी घाण होते तोवर या काठावर गोदामे, कारखाने आणि कामकऱ्यांची वस्ती होती. पाणी निवळले, झाडे आली आणि त्याच काठावर महागडी सदनिका-संकुले उभी राहिली. खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याचीही आता किंमत मोजावी लागते. घरभाडे परवडत नाही म्हणून कित्येक जण कालव्यातील अरुंद होड्यांतच संसार थाटतात. वाट सर्वांची राहिली. काठ मात्र ज्याच्या खिशात पैसा त्याचा झाला.

कोणी म्हणेल, सुधारणा म्हटली की भाव वाढणारच. मान्य, पण सुधारणेचा खर्च सर्वांनी सोसायचा आणि लाभ मोजक्यांनी घ्यायचा, हा निसर्गनियम नव्हे. ते धोरण आहे, आणि धोरण बदलता येते.

वाट संपते तेथून जवळच, थेम्सच्या काठी, 'ग्रेप्स' नावाचा जुना पब आहे. डिकन्सच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या १८६४-६५ मधील कादंबरीतला पब यावरूनच बेतला असल्याचे मानतात. कादंबरीतील त्या पबात नदीवर राबणारी माणसे येत आणि मालकीण ॲबी पॉटरसन त्यांना शिस्तीत ठेवी. पब म्हणजे नुसता गुत्ता, ही आपली समजूत अपुरी आहे. 'पब्लिक हाऊस' या नावाचे ते लघुरूप. म्हणजे सार्वजनिक घर. मद्य न घेणारालाही तेथे बसून नदी पाहता येते.

सार्वजनिक वाट आणि सार्वजनिक घर यांच्यामध्ये सामान्य माणसाचे स्वतःचे घरही टिकले पाहिजे. ज्यांनी घाण पाण्याची दुर्गंधी सोसली, त्यांना स्वच्छ पाण्याच्या काठी राहता येते का, याच प्रश्नाने मी शहराची सुधारणा मोजीन.