जपणे आणि जखडणे

बँकेच्या सेवेत असताना एका कापड व्यापाऱ्यांच्या पेढीवर माझे नेहमी जाणे होई. त्यांचा धाकटा मुलगा गादीवर बसून हिशेब लिही. अक्षर मोत्यासारखे, पण तो उठून तागा काढताना कधी दिसला नाही. “त्याला हिमोफिलिया आहे, साहेब. आम्ही त्याला जागचे हलू देत नाही,” वडील मायेने सांगत. काही वर्षांत त्याच्या मांड्या बारीक झाल्या आणि गुडघा आखडला.

या आनुवंशिक विकारात रक्त गोठवणारा ८ वा किंवा ९ वा घटक कमी असतो. बाहेरच्या जखमेपेक्षा गुडघा, घोटा व कोपर यांच्या सांध्यांत होणारा रक्तस्राव अधिक छळतो. ती वेदना एकदा सोसलेला माणूस पुढे प्रत्येक पावलाला भितो. वैद्यकशास्त्रात या भयाला ‘कायनेसिओफोबिया’ म्हणतात.

भय निराधार नसते. रक्तस्राव चालू असताना विश्रांती आणि त्वरित घटकाचे इंजेक्शन हवेच. परंतु सूज ओसरल्यावरही हालचाल टाळली, तर स्नायू दुबळे होतात, सांध्याचा आधार जातो आणि लहानशा हिसक्यानेही पुन्हा रक्त साकळते. मग भय आणखी वाढते. थकलेले व्याज मुद्दलात मिळत जावे, तसा हा हिशेब आहे.

म्हणून डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याने पोहणे, चालणे, स्नायूंचे हलके व्यायाम हळूहळू वाढवावेत. कुस्ती, कबड्डीसारखे धक्काबुक्कीचे खेळ मात्र टाळावेत. ब्रिटिश सायकलपटू ॲलेक्स डाउसेट यांना तीव्र हिमोफिलिया आहे. नियमित उपचार घेत त्यांनी २०१५ साली मँचेस्टर येथे एका तासात ५२.९३७ किलोमीटर अंतर कापून तेव्हाचा विश्वविक्रम केला. प्रत्येकाला विक्रम साधणार नाही. पण पेढीपासून घरापर्यंत चालणे अनेकांच्या आवाक्यात असते.

त्या मुलाचे उपचार पुढे मार्गी लागले. वर्षभराच्या व्यायामानंतरही गुडघा पुरता सरळ झाला नाही; तरी गेल्या दिवाळीत त्याने स्वतः उठून माझ्यापुढे तागा उलगडला. वडील हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, आम्ही याला जपत होतो, की जखडत होतो?”

घरात असे मूल असेल, तर हा प्रश्न आपण वेळेवर स्वतःला विचारावा.